रिकाम्या करंडीचा हिशेब

न्यूझीलंडमध्ये ट्राउट मासा विकायला कायद्याने बंदी आहे. स्वतः पकडलेला मासा हॉटेलात नेऊन शिजवून घेता येतो, पण मेन्यूकार्डावर ट्राउट सापडायचा नाही. मासा टिकावा म्हणून केलेली ही चांगली तरतूद. फक्त तिच्यामुळे एक पंचाईत होते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात लिलावाला उभं राहिलं की समुद्राने आज काय दिलं ते कळतं. न्यूझीलंडात ट्राउटला लिलाव नाही, बाजार नाही, पावती नाही. मग टाउपो तलावाला मिळणाऱ्या टोंगारिरो नदीतल्या माशांचं कसं चाललंय, हे विचारायचं कोणाला? उरतो कमरेइतक्या पाण्यात गरवत उभा असलेला माणूस. म्हणजे माशांच्या बाबतीत जगातला सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार.

तर नोंदवही घेऊन एक कर्मचारी काठाकाठाने फिरतो. सुरुवात कधी केलीत, किती मिळाले, किती सोडले, एवढंच विचारतो. मासा ठेवला असेल तर मात्र तोंडी कारभार संपतो. चंदेरी अंग, काळे ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा असा तो ऐवज फळीवर आडवा होतो. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी, मग काट्यावर वजन. चार-दोन खवले पाकिटात. त्यांवरच्या वलयांवरून वय कळतं. लांबीच्या मानाने वजन कमी भरलं की समजावं, पाण्यात उपासमार चालली आहे. शंभरेक वर्षांपूर्वी टाउपोत तसंच झालं होतं. बाहेरून आणलेल्या ट्राउटनी तिथले मूळचे इवलेसे कोआरो मासे फस्त केले आणि मग स्वतःच रोडावले. शेवटी सरकारला जाळी लावून गर्दी कमी करावी लागली.

मला या शास्त्राची खरी गोडी वाटते ती त्यातल्या मनुष्यस्वभावाच्या हिशेबामुळे. इज्जतीखातर फुगवलेल्या आकड्याला तिथे रीतसर जागा आहे. आठवणीतून सांगितलेले आकडे पाचावर आणि दहावर येऊन बसतात, तेही ठाऊक असतं. दिवसभर ठाण मांडणारा गाठ पडण्याचा संभव तासाभरात कंटाळणाऱ्यापेक्षा जास्त, तेव्हा तीही दुरुस्ती करावी लागते. कोणाला खोटं म्हणायचं नाही, गणितात सांभाळून घ्यायचं.

सगळ्यांत मोलाचा माणूस म्हणजे काहीच न मिळालेला. ताशी किती मासे हे काढायचं तर त्याचे कोरडे तास हवेतच. ते निसटले की नदी आहे त्याहून भरलेली दिसते. आणि नेमका हाच गृहस्थ वही दिसताच दोऱ्याची गाठ सोडवण्यात गढून जाणार, नाहीतर झुडपामागची वाट धरणार. दोन मिळालेला मात्र लांबूनच हाक मारणार! भोपळा वदवून घेताना चेहरा कोरा ठेवणं, कर्मचाऱ्याची सगळी हुशारी इथे. ‘‘बरं, मग किती वाजता आलात?’’

पडताळा म्हणून त्या देशातल्या नद्यांत माणसं रबरी पोशाख चढवून, एका ओळीत प्रवाहाबरोबर तरंगत, पाण्यात डोकावून मासे मोजतात. माशांना कोणी काही विचारत नाही, म्हणून हे काम सोपं असावं.

पकडलेला मासा परत सोडण्याची चालही आता रुळली आहे. उत्तम चाल, माझा तिला पाठिंबाच आहे. पण सोडलेल्या माशाला ना फळी ना काटा. पाण्यात तो आपल्या गतीने वाढतो. सांगणाऱ्याच्या हातांत मात्र घरी पोचेपर्यंत वीतभर वाढलेला असतो. माझं ऐकाल तर त्या रकान्यात नुसती संख्या लिहावी. लांबी विचारूच नये. तेवढी दौलत ज्याची त्याला लखलाभ.