ओव्हन नावाचं कपाट
मराठी घरात ओव्हन साफ करण्याची पहिली पायरी म्हणजे तो रिकामा करणं. आमच्या ओटीजीतून परवा दोन कढया, बिडाचा तवा, पापडांचा डबा आणि वर्षभर हरवलेली किसणी निघाली. २०२०च्या टाळेबंदीत त्यात एकदाच नानकटाई झाली होती. तिचं तूप तळाशी अजून मुक्कामाला होतं.

मग सल्ले सुरू झाले. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओता म्हणे. फेस असा उसळतो की आपण काहीतरी करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांची ताकद मारतात आणि मागे उरतं जवळपास खारट पाणी. नुसत्या सोड्याचा ओला लेप रात्रभर ठेवला तर तेलकट थर खरोखर सुटतो. पण त्यात फेस नाही, म्हणजे समाधान नाही.

काही महागडे ओव्हन स्वतःलाच सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मळाची राख करतात. आमच्याकडे ती सोय नाही, आई आहे. "आधी प्लग काढलास का? आणि त्या सळ्यांना तारेची घासणी लावू नकोस हं!"

संध्याकाळी ओव्हन लख्ख झाला. कढया परत आत गेल्या. किसणी पुन्हा सापडत नाहीये.