बाही वर की खाली?

नर्सिंगच्या मुलाखतीला निघालेल्या मुलीला पहिला सल्ला मिळतो तो मनगटावरचा टॅटू झाकण्याचा. पेशंट बिचकतात म्हणे. वॉर्डात मात्र कॉटवर आजी असतात, कोपरापासून मनगटापर्यंत हिरव्या गोंदणाने भरलेल्या. त्या गोंदणातूनच शीर शोधून सलाईन लावायचं असतं. सिस्टरचं फुलपाखरू त्यांना खुपत नाही. ‘कुठं गोंदलंस गं, लई दुखलं का?’ एवढीच चौकशी.

खुपतं मेट्रनबाईंना. पण झाकायचं कशाने? बाह्यांवरून जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये कोपराखाली हात उघडाच ठेवायला सांगितलं, घड्याळसुद्धा नको. म्हणजे संसर्ग रोखणारे म्हणतात बाही वर, शिस्तवाले म्हणतात खाली. शिस्तीत कुणाला हार न जाणाऱ्या आपल्या सैन्यानेही हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू चालवून घेतलाय. आदिवासी उमेदवारांना तर परंपरेप्रमाणे आणखी सूट.

गंमत रेडिओथेरपीत. किरण रोज नेमक्या जागी पडावेत म्हणून अनेक ठिकाणी हॉस्पिटलच पेशंटच्या कातडीवर कायमचे ठिपके गोंदतं. तिथे कुणाच्या संस्कारांवर डाग पडत नाही.

विचारण्यासारखं एकच असतं: सुई नवी होती ना, हिपॅटायटिस बीची लस घेतलीस ना? ते कुणी विचारत नाही. विचारतात, ‘घरच्यांना चाललं का हे? आणि लग्नानंतर काढणार का?’