पिरेयसच्या बोटीवर शहापूर-मुरबाड

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तिघांनी मिळून लिहिलं आहे. ‘मी’ कोणी व्हायचं यावरून वाद झाला, तो काही मिटेना, तेव्हा ‘मी’ वगळूनच लिहायचं ठरलं. म्हणून तुमचे चिरंजीव, सूनबाई आणि मुरबाडच्या तुमच्या विहीणबाई यांचा उल्लेख खाली परक्यासारखा येईल. राग मानू नये. नातवाने फक्त सही केली आहे.

जर्मनीहून मंडळी सुट्टीला ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर गेली, हे फोनवर कळलंच असेल. परत येताना बोटीने पिरेयस गाठायचं होतं. पिरेयस म्हणजे अथेन्सला खेटून असलेलं बंदर. ग्रीसला ६,०००च्या आसपास बेटं आहेत, त्यांतल्या २२७ बेटांवर वस्ती आहे, आणि बहुतेकांचा दाणागोटा, औषधं, गवंड्याचं सिमेंट सगळं बोटीनेच येतं. परवडत नाही म्हणून लहान बेटांची फेरी बंद करायची सोय नाही. तिथला तोटा सरकार अनुदान देऊन भरून काढतं. थोडक्यात, ही तिथली एसटी. चिरंजीवांनी एवढं समजावून सांगितलं आणि तिथेच त्यांचं चुकलं, कारण एसटी म्हटल्यावर विहीणबाईंना पुढचं काही शिकवावं लागलं नाही.

निघायच्या दिवशी वारा सुटला होता. उन्हाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या या वाऱ्याला तिकडे मेल्तेमी म्हणतात. आभाळ निळंशार, पावसाचा थेंब नाही, आणि वारा मात्र डोक्यावरचा पदर टिकू देत नाही. त्याचा जोर ब्यूफर्टच्या मोजपट्टीवर ८-९पर्यंत चढला, म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेला, की बंदराचे अधिकारी मोठी जहाजंही सोडत नाहीत. वेगवान छोट्या बोटी त्याच्या आधीच थांबतात. त्या दिवशी बोट सुटणार होती, पण उशिराने. किती उशिराने ते धक्क्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं. जर्मनीत राहून दोन मिनिटांच्या उशिरालाही कपाळाला आठी घालायला शिकलेले चिरंजीव येरझारा घालू लागले. विहीणबाईंनी मुरबाड डेपोत उमर काढलेली. त्यांनी सावली पाहून बैठक मारली.

धक्क्यासमोरच एक संगमरवरी चौकट उभी आहे. नुसती चौकट, मागेपुढे भिंत नाही, वर छप्पर नाही. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात तिथे अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं आणि ते अर्धवटच राहिलं. नातवाने मग पुस्तकातली गोष्ट सांगितली. थीसियस नावाचा राजपुत्र क्रीटमधल्या राक्षसाला मारून परत निघाला. ज्या ॲरिअ‍ॅडनीने त्याला वाचवलं, तिला त्याने याच नॅक्सोसवर झोपेत सोडलं. पुढे घरी पोचताना काळं शीड उतरवून पांढरं लावायचं ठरलं होतं, ते विसरला. बाप ईजियस, त्याला वाटलं पोरगा गेला, त्याने समुद्रात उडी घेतली. म्हणून हा ईजियन समुद्र. विहीणबाई म्हणाल्या, “बायको विसरला त्याला शिडाचं काय एवढं?” त्यानंतर बोटीत चढेपर्यंत सूनबाईंनी चिरंजीवांच्या पाठपिशवीचा पट्टा सोडला नाही.

बोट येते कशी, ते आप्पांना आवडलं असतं. सात-आठ मजली धूड बंदरात शिरतं, जागच्या जागी वळतं, नांगर टाकतं आणि पाठमोरं धक्क्याकडे सरकू लागतं. ते अजून सरकत असतानाच मागचा लोखंडी दरवाजा साखळ्यांवर खाली यायला लागतो आणि धक्क्याला टेकला की त्याचाच पूल होतो. आत ट्रक इंजिन चालू ठेवून तयार, मोटारसायकली फुरफुरतायत, डिझेलचा वास, आणि या सगळ्यातून माणसं बॅगा ओढत उतरतायत. त्याच दरवाज्याने, त्याच क्षणी, चढणारे आत घुसतायत. खलाशी शिट्ट्या फुंकतो आणि हात असे फिरवतो की जणू सगळा दोष तुमचाच. विहीणबाईंनी खणखणीत मराठीत “आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!” म्हटलं. गंमत म्हणजे दोन ग्रीक आजोबा खरंच थांबले.

खाली बंदरांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या मांडण्या असतात. बॅगा तिथे टाकून वर जायचं. विहीणबाईंनी आपली पिशवी टाकली नाही. तिच्यात म्हशाच्या यात्रेतलं घोंगडं होतं. युरोपात जुलैमध्ये घोंगडं कशाला, यावर घरी बरीच चर्चा झाली होती. वरच्या डेकवर वारा लागल्यावर ती चर्चा पुन्हा कोणी काढली नाही, आणि घोंगड्याच्या खाली सर्वांत आधी कोण शिरलं हे सांगायला चिरंजीवांची हरकत आहे. डेकवरच्या बाकांना नंबर नसतात. विहीणबाईंनी धावत जाऊन दोन बाकांवर रुमाल टाकले. शेजारच्या ग्रीक बाईंनी त्याआधीच चार बाकांवर टॉवेल, टोपी, पाण्याची बाटली आणि एक झोपलेलं मूल ठेवलं होतं. दोघींनी एकमेकींकडे आदराने पाहिलं.

पॅरोसला थांबून पिरेयसपर्यंत पाच-साडेपाच तास लागतात. एवढ्या वेळात ग्रीक माणूस बर्फ घातलेली एकच कॉफी पुरवतो. आपल्या मंडळींनी शहापूर-मुरबाड वाद पुरवला.

सुरुवात चिरंजीवांनी केली. पिरेयसहून अथेन्सला पहिली आगगाडी १८६९ साली धावली, हे वाचून ते म्हणाले, “आमच्या आसनगावातून त्याआधीच गाडी कसाऱ्याला जात होती, १८६१ला!” रेल्वेचा विषय मुरबाडच्या माणसासमोर काढू नये, हे जावयाला एव्हाना कळायला हवं होतं. पण विहीणबाई डगमगल्या नाहीत. “रेल्वे तुमच्याकडे आली, पण ग्रीक आमच्याकडे आले,” म्हणाल्या. ते पुरतं खोटं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत. कल्याणला चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेत, असंही त्यात नोंदवलंय. कल्याणचा माल जुन्नरकडे चढायचा तो नाणेघाटाने, आणि नाणेघाटाची पायवाट सुरू होते मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यातून. वर नागनिका राणीचा लेख आहे, जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजणही आहे. चिरंजीवांनी मग शहापूरचा माहुली किल्ला काढला, शहाजीराजे काढले. विहीणबाई म्हणाल्या, “तिथे तर ते शरण आले ना?” १६३६चा तह निघाल्यावर शहापूर गप्प झालं.

पाण्यावर मात्र दोन्ही तालुके एक झाले. शेजारच्या आजोबांनी नातवाला इंग्रजीत सांगितलं, की काही कोरड्या बेटांना पिण्याचं पाणी जहाजाने यायचं. आता समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं बसली आहेत. चिरंजीव म्हणाले, आमच्या तालुक्यात समुद्र नाही, धरणं आहेत. तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातं, भातसाचंही जातं, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो. आजोबांना वाटलं भाषांतरात काही चुकतंय. त्यांनी दोनदा विचारलं.

आई, एक शंका आहे. त्या दिवशी आषाढी होती. बोटीच्या उपाहारगृहात विहीणबाईंना चालेल असे तळलेले बटाटेच होते, आणि नॅक्सोसचा बटाटा तर साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेला. पण वर ओरेगानो भुरभुरलेला. तो उपवासाला चालतो का, हे भटजींना विचारून कळवा. नाही म्हणाले तर कळवू नका.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. लोभ असावा.

आपली,
परदेशातली मंडळी

ता. क. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट नेणारी रो-रो सुरू झाली, ती बोट ग्रीसमध्येच बांधलेली. दिवाळीला आलो की तिनेच अलिबागला जायचं ठरलं आहे. आप्पा, मोटार तुम्ही आणायची. वडापाव मुरबाडकडून, आणि तो आसनगाव स्टेशनबाहेरचा नको, असं विहीणबाईंनी आत्ताच बजावून ठेवलं आहे.