टाळी कुठे वाजवायची?

माझी तक्रार सिंफनीबद्दल नाही. सिंफनीच्या मधल्या फटींबद्दल आहे.

साधारण चार भाग असतात. पहिला जलद, दुसरा संथ, तिसरा तीन ठोक्यांचा नाचरा, चौथा पुन्हा जलद. इथवर ठीक. पण यातला जवळजवळ प्रत्येक भाग कायमचा संपल्यासारखा संपतो आणि नेमकी तेव्हाच टाळी वाजवायची नसते. खोकायला मात्र परवानगी आहे. वसईहून लोकलने चर्चगेट गाठून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत बसलेल्या माणसाने त्या शांततेत एकट्याने टाळी दिली, की शेजारचे एका विशिष्ट नजरेने बघतात. ती नजर आम्हाला ओळखीची आहे. विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याकडे आम्ही तसंच बघतो.

नियम पुरातन असता तर मान तुकवली असती. पण १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टच्या सिंफनीला पहिला भाग चालू असतानाच टाळ्या पडल्या. त्याने वडिलांना ते खुशीने कळवलं. कार्यक्रमानंतर जाऊन आइस्क्रीमही खाल्लं. १८१३ साली व्हिएन्नात बेटहोवनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. गप्प बसण्याची शिस्त पक्की झाली ती विसाव्या शतकात, म्हणजे ज्यांची कामं होती ते सगळे वारल्यावर.

चायकोव्हस्कीने तर सापळाच लावून ठेवलाय. १८९३ च्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग अशा दणक्यात संपतो की लोक चपला चाचपू लागतात. मग सुरू होतो चौथा, रडवा आणि विझत जाणारा. जाब विचारायची सोय नाही. पहिल्या प्रयोगानंतर नऊ दिवसांत तो गेला.

आमच्याकडे वसईत लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड फटी ठेवत नाही. एका गाण्याच्या शेपटाला दुसरं जोडलेलं असतं, आणि कॉर्नेटवाला दम घेतो तेवढ्यात साइड ड्रम जागा भरून काढतो. चर्चच्या पायरीपासून मांडवापर्यंत सगळे वाजवत असतात, कारण नुसता उभा राहिलेला वादक नवऱ्यामुलाच्या काकांना लगेच दिसतो.

हे काका व्हिएन्नाला कमी पडले. बेटहोवनच्या पाचव्या सिंफनीत तीन ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग वाद्य मांडीवर घेऊन बसतात आणि चौथ्यात वाजवतात. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत झांजेला सबंध कामात एकच ठोका आहे. ट्यूबावाला तर दुसऱ्या भागात मोजके सूर लावतो, बाकी वेळ ऐकतो. आपल्याकडे याला श्रोता म्हणतात आणि त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घेतात.

फटींवर उपाय कुणाला सुचला नव्हता असंही नाही. मेंडेल्सोनच्या व्हायोलिन कन्चेर्तोत पहिला भाग संपताना एक बासूनवाला एकच सूर धरून ठेवतो आणि त्याच सुरावरून दुसरा भाग सुरू होतो. फट नाही, टाळी नाही, खोकला नाही. असा एक बासूनवाला प्रत्येक सिंफनीला नेमावा, एवढीच माझी मागणी आहे. बिदागीचा प्रश्न असेल तर ती ट्यूबावाल्याच्या बिदागीतून वळती करावी.