वॅटवर जाऊ नका

घरचा संगणक रिकाम्या वेळात विज्ञानाच्या कामाला जुंपणाऱ्या मंडळींमध्ये एक समज घट्ट बसला आहे: ग्राफिक्स कार्ड खादाड, प्रोसेसर काटकसरी. खोक्यावरचे आकडे बघितले तर पटतंही. आरटीएक्स 4090 कार्ड 450 वॅटचं, रायझन 9 5950एक्स प्रोसेसर 105 वॅटचा. मग वीज वाचवायची म्हणून कार्ड बंद आणि प्रोसेसर रात्रंदिवस चालू.

हा हिशेब साफ चुकीचा आहे. बिल वॅटचं येत नाही, युनिटचं येतं. समजा, कार्डासकट अख्खा संगणक 300 वॅट ओढतो आणि एक काम तासाभरात उरकतो, खर्च 0.3 युनिट. तेच काम नुसत्या प्रोसेसरवर 120 वॅटमध्ये दहा तास रखडलं, तर 1.2 युनिट. वीज चौपट आणि निकाल तोच. एसटी रिक्षापेक्षा जास्त डिझेल पिते म्हणून कुणी पन्नास माणसं रिक्षांमधून पाठवत नाही.

प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या फोल्डिंग ॲट होम प्रकल्पाने हे 2006 मध्येच ओळखलं आणि कार्डांना कामाला लावलं. प्रथिनाची घडी कशी पडते हे बघायचं तर हजारो अणूंमधलं बल एकाच वेळी मोजावं लागतं, आणि एकसारखी हजारो गणितं एका दमात करणं हाच कार्डाचा धर्म. 2020 च्या कोविडकाळात या प्रकल्पाने एक्साफ्लॉपचा (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांचा) टप्पा ओलांडला, तो कार्डांच्या जिवावर.

पण प्रत्येक काम कार्डाला मानवत नाही, आणि इथे कार्डवाल्यांचीही गफलत होते. प्रथिनांचे आकार वर्तवणाऱ्या रोझेटा ॲट होमचं काम प्रोसेसरवरच चालत आलं आहे. अतिअचूक, म्हणजे 64 बिटांच्या गणितात तर 4090 चा वेग त्याच्या नेहमीच्या 32 बिटांच्या वेगाच्या एक चौसष्टांशावर येतो. मर्सेन मूळ संख्यांचा (दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचा) शोध अशाच गणितावर चालतो. तिथे घरगुती संगणकांची 28 वर्षांची सद्दी ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी 4 कोटी 10 लाखांहून जास्त अंकी संख्या शोधून मोडली, तीही गेमिंगच्या कार्डावर नव्हे, डेटा सेंटरमधल्या ए100 वर. या कार्डाचा 64 बिटांचा वेग 32 बिटांच्या निम्मा राहतो. तेव्हा आधी काम बघा, मग यंत्र निवडा.

आणि ‘संगणक नुसता पडूनच असतो, त्याचा उपयोग होतोय’ हे आता सोडा. परग्रहावरचे संदेश शोधणारं सेटी ॲट होम 1999 मध्ये सुरू झालं तेव्हा रिकामा प्रोसेसर आणि राबणारा प्रोसेसर यांच्या वीजवापरात आजइतकं अंतर नव्हतं. आजचा प्रोसेसर रिकामा असला की झोपतो. त्याला जागं ठेवणं म्हणजे नवी वीज जाळणं. 250 वॅट अखंड महिनाभर म्हणजे 180 युनिट. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटनंतर दर चढतो, आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. मे महिन्यात नागपुरात हे यंत्र तापवायचं आणि ती उष्णता बाहेर काढायला एसी लावायचा, याला मी विज्ञानसेवा म्हणणार नाही. ही कामं हिवाळ्यात करावीत.

एक उपाय तर फुकटात आहे. कार्डाची पॉवर लिमिट खाली आणा. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून लिमिट पाव हिश्शाने उतरवली तरी काम सहसा त्यापेक्षा बरंच कमी घटतं.

दोष एकट्या स्वयंसेवकांचा नाही. बहुतेक प्रकल्पांच्या क्रमवारीत गुण मिळतात ते कामाच्या ढिगाला. तो ढीग किती युनिटमध्ये रचला, याचा रकानाच नाही. प्रकल्प चालवणाऱ्यांनी तो रकाना जोडावा. तोवर तुम्ही प्लगला लावायचं वीजमीटर आणा, एक काम कार्डावर आणि तेच प्रोसेसरवर करून बघा, आणि ज्याचे युनिट कमी पडतील तेच चालू ठेवा.