काळ्या ओढ्याची पहिली तक्रार
माढा तालुक्यातील होतकरू तक्रारदारांसाठी सोपी मार्गदर्शिका

ओढ्याचे पाणी तपकिरी झाले, वर फेस धरला आणि म्हशीने त्यात तोंड घालायचे नाकारले, की तुम्ही या मार्गदर्शिकेचे पात्र वाचक झालात. पूर्वानुभवाची अट नाही. इथे कोणत्याही कारखान्याचे नाव घेतलेले नाही, कारण पद्धत सगळीकडे तीच आहे.

साहित्य: एक वही, तारीख-वेळ दाखवणारा मोबाइल, भरपूर संयम आणि दोन स्वच्छ बाटल्या. बाटल्यांचा उपयोग होणार नाही. का, ते पायरी ३ मध्ये येईल.

पायरी १. घाण ओळखा

गळीत हंगाम संपत आला, की घरोघरी कुरडया घालायचे दिवस येतात. पांढऱ्या कुरडईवर काळा, हलका, वेडावाकडा कण दिसला, तर तो बोटाने चुरडून पाहा. चुरडताना रेघ उमटली तर ती बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चोथ्याची काजळी. बॉयलरच्या चिमणीतून अशी किती धूळ जावी यालाही मर्यादा आहे: दर घनमीटर १५० मिलिग्रॅम. कुरडईवर किती पडावी याला मर्यादा नाही.

पाण्याचे दोन प्रकार आहेत. साखर कारखान्याचे सांडपाणी २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाळपाच्या टनामागे १०० लिटर, शिवाय थंड करण्याच्या यंत्रणेचे १०० लिटर, तेही प्रक्रिया करून आणि एकाच तोंडातून बाहेर पडले पाहिजे. म्हणून ओढ्याच्या कडेने चालत जा आणि तोंडे मोजा. दुसरे सापडले तर वहीत जागा लिहा.

डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणारे सांडपाणी, वेगळा. लिटरभर अल्कोहोलमागे तो आठ ते पंधरा लिटर निघतो आणि नियम असा, की त्यातला थेंबही आवाराबाहेर जाता कामा नये. त्यामुळे ओढ्यात तो किती आहे हा वाद घालू नका. दिसला, एवढे पुरे.

पायरी २. कायदा निवडा

इथे नवशिके गोंधळतात, कारण माल भरपूर आहे. पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने केंद्राची वाट पाहिली नाही. १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा, हवेचा १९८१ चा. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम आला आणि २०१० मध्ये हरित लवादाचा कायदा. म्हणजे पाणी, हवा, एकंदर सगळे आणि दाद मागायची जागा, अशी चार दालने झाली.

कारखान्याला उभारणीआधी एक आणि चालवण्याआधी दुसरे, अशी दोन संमतीपत्रे मंडळाकडून घ्यावी लागतात. त्यात किती गाळप, किती पाणी, चिमणी किती उंच हे सारे लिहिलेले असते. ते मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. नुसते ‘फार वास येतो’ असे लिहू नका. ‘संमतीपत्रातील अमुक अटीचा भंग’ असे लिहा. वास तोच राहतो, पण फाइल जाड होते.

पायरी ३. नमुना घ्या (तुम्ही नव्हे)

आता बाटल्यांचे. तुम्ही भरलेले पाणी हे फक्त पाणी आहे. न्यायालयात चालणारा पुरावा म्हणजे जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला नमुना. त्याने जागेवरच कारखान्याला नोटीस द्यायची, कारखान्याने मागणी केली तर त्यांच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, भांड्यांना सील लावायचे, दोघांनी सही करायची, मग प्रयोगशाळा.

थोडक्यात, घाण सोडणाऱ्याला आधी कळवून, त्याच्यासमक्ष, त्याच्या सहीने. निष्पाप माणूस अडकू नये म्हणून ही काळजी योग्यच आहे. फक्त अधिकारी सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयातून निघून तुमच्या ओढ्यावर पोहोचेपर्यंत घाणीने थांबायला हवे आणि तशी तरतूद कायद्यात नाही. म्हणून पाणी कोणत्या वाराला, किती वाजता सुटते हे महिनाभर वहीत टिपा आणि अधिकाऱ्याला वेळ सांगून बोलवा. मार्गदर्शिकेतली ही एकच पायरी थट्टेत काढू नका.

पायरी ४. थांबा

मंडळ हलले नाही तर तुम्ही स्वतः न्यायालयात फिर्याद देऊ शकता. मात्र त्याआधी मंडळाला साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. गळीत हंगाम साधारण तीन ते चार महिन्यांचा. पहिला महिना टिपणांत, पुढचे दोन नोटिशीत गेले, की धुराडे थंड, ओढा कोरडा आणि हवा स्वच्छ. तक्रार निकालात निघते, ती अशी.

घाई असेल त्यांनी हरित लवादाकडे जावे. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये. कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती मात्र विसरू नका.

पायरी ५. आपली किंमत काढा

ही पायरी विद्यार्थ्यांना विशेष आवडते. हरित लवादाच्या आदेशावरून केंद्रीय मंडळाने भरपाईचे सूत्र बसवले आहे: प्रदूषणाचा निर्देशांक गुणिले दिवस, गुणिले ठरावीक रुपये, गुणिले उद्योगाचा आकार, गुणिले ठिकाण. सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या लाल गटाला ८०, रुपये २५०, मोठ्या उद्योगाला दीड. ठिकाणाचा गुणक लोकसंख्येवर: दहा लाखांच्या आतल्या गावाला एक, एक कोटीच्या पुढच्या महानगराला दोन.

८० × २५० × १.५ × १. माढ्यात एका दिवसाचे तीस हजार रुपये. तीच घाण, तेवढीच, मुंबईत केली तर साठ हजार. गणित बरोबर आहे, पुन्हा करून पाहू नका. माढ्याची माणसे कमी, म्हणून त्यांचा ओढा निम्म्या भावात. होतकरू उद्योजकांनी याची नोंद घ्यावी.

शिक्षेचेही बदलले आहे. पर्यावरण संरक्षण अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. एप्रिल २०२४ पासून बहुतेक उल्लंघनांना कैद नाही, दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आहे. तुरुंग कुणी फारसा पाहिलाच नव्हता, त्यामुळे उणीव भासणार नाही.

पायरी ६. मोठे हत्यार जपून वापरा

मंडळाला कारखान्याचे वीज-पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. आता अडचण ऐका. बगॅस जाळून कारखाना स्वतःची वीज स्वतःच करतो आणि उरलेली सरकारी वीज कंपनीला विकतो. तिचा दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि तिची गणना नवीकरणीय ऊर्जेत होते. तुमच्या कुरडईवरचा कण हा हरित ऊर्जेचा कण आहे, त्याचा मान राखा. डिस्टिलरीतले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला तेल कंपन्या घेतात. धोरण सरकारचे, भाव सरकारचा आणि त्यातून निघालेल्या घाणीला नोटीसही सरकारचीच.

पायरी ७. पुढच्या वर्गासाठी: उजनी

ओढा जमला, की धरणाकडे वळा. भीमानगरला अडलेल्या पाण्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा असा प्रवास करून येते. जलपर्णी त्याच खतावर माजते. कलम तेच, मंडळ तेच. पण कारखान्याला टाळे लावता येते, महानगरपालिकेला लावता येत नाही. शहरातल्या माणसाने सकाळी न्हाणीघरात जाऊ नये असा आदेश अद्याप कुणी काढलेला नाही.

नेहमीच्या शंका

जनसुनावणीला गेलो नाही तर? चालते. कारखाना मोठा होऊ घातला, की जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी सुनावणी घेतो, तीस दिवस आधी मराठी वर्तमानपत्रात सूचना येते. गणपूर्तीची अट नाही. तुम्ही न आल्याने सुनावणी अडत नाही, फक्त इतिवृत्तात ‘कोणाचाही आक्षेप नाही’ असे येते.

तक्रार केली तर ऊसतोड लांबेल का? असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. टोळी मात्र कायदा वाचत नाही.

मी स्वतःच सभासद आहे. माझ्याच कारखान्याविरुद्ध तक्रार कशी करू? माढ्यात हा प्रश्न बहुतेकांचा आहे. ऊसही आपला, बिलही आपले, ओढाही आपला. म्हणून सभासदांसाठी बिनखर्चाचा एक मार्ग आहे. संमती घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाने दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यायचे असते: किती पाणी वापरले, किती घाण काढली, कुठे टाकली. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभाही ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. दोन्ही कागद एकाच महिन्यात तयार होतात, पण सभेच्या टेबलावर एकच येतो. दुसराही आणा, असे लेखी कळवा. सभेत पुढच्या रांगेत बसा, आणि विषयपत्रिकेवरचा पहिला विषय वाचून व्हायच्या आत उभे राहा. त्यानंतर ‘मंजूर, मंजूर’ सुरू होते आणि मग माइक मिळत नाही.