हौसेला वेग नसतो

उन्हाळा लागला की इंग्लंडात जुन्या फोक्सवॅगन कॅम्परच्या मेळाव्यांना ऊत येतो. पुढची काच दोन तुकड्यांची, म्हणजे १९६७ पर्यंतची गाडी असेल तर ती खानदानी. त्यानंतरची अखंड काचेवाली, चालायचंच. १९५० च्या पहिल्या मॉडेलला जेमतेम २५ अश्वशक्ती, आणि इंजिन मागे. चढ लागला की पाठीमागे ट्रकवाल्यांची वरात. ते हॉर्न वाजवतात, आणि बाबा कौतुक समजून हात हलवतात. इंजिन हवेवर थंड होणारं, त्याची ऊब पुढच्या सीटपर्यंत येईतो संपते. म्हणून ऐन जूनमध्ये आईच्या गुडघ्यांवर घोंगडी. मुलांच्या पायाशी ऑइलचा डबा आणि जादा फॅनबेल्ट.

हा सगळा खटाटोप मोकळ्या रस्त्याच्या स्वातंत्र्यासाठी! ते मिळतं दोरीने आखलेल्या चौकोनात, तशाच शेकडो गाड्यांच्या रांगेत. मग दिवसभर शेजाऱ्याच्या गाडीतलं घडीचं टेबल, छोटी शेगडी वाकून वाकून बघायची. आपल्याकडे हुबेहूब तेच आहे, तरीही. खरे दर्दी मात्र गाडी ट्रेलरवर चढवूनच आणतात. चालवली तर जुनी होईल ना!